रक्ताचा रिपोर्ट यायचा असतो ते दिवस: क्रॉनिक ल्युकेमिया असलेल्यांसाठी

मी सेलूची, जिल्हा परभणी. घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. २०१५ च्या पावसाळ्यात पोटात डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार निघाल्या आणि पुढच्या तपासण्यांत नाव कळलं: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार. तेव्हापासून रोज गोळी, आणि ठरलेल्या महिन्यांनी रक्त.

गोळीची सवय लवकर झाली. रक्ताची व्हायला वर्षं गेली. रक्त द्यायच्या आधीचा आठवडा आणि रिपोर्ट येईपर्यंतचे आठ-दहा दिवस मी घरात असून नसल्यासारखी असायचे. तव्यावर भाकरी करपायची, गिऱ्हाइकाचं माप चुकायचं, पोरीवर उगाच ओरडून मग रात्री तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसायचे. वर्षात असे चार वेळा पंधरा-पंधरा दिवस, म्हणजे दोन महिने. आजाराने इतके दिवस कधी नेले नाहीत, ते भीतीने नेले.

हळूहळू काही रीती सापडल्या. मी डॉक्टर नाही. औषधाबद्दल इथे जे लिहितेय ते माझ्या डॉक्टरांना विचारून, परत परत विचारून समजून घेतलेलं आहे. तुमच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण रिपोर्टच्या भीतीचं काय करायचं, हे दवाखान्यात सांगायला कुणाला वेळ नसतो. बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. म्हणून हे लिहिते.

आधी आजाराचं पूर्ण नाव विचारून घ्या

‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द गावात एकच अर्थ घेऊन फिरतो. माझं कळल्यावर भेटायला येणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावूनच उंबरा ओलांडायच्या. पण क्रॉनिक ल्युकेमियातसुद्धा दोन मोठे प्रकार आहेत, आणि दोन्हींचे रिपोर्ट वाचायची रीत अगदी वेगळी आहे. एकाचा आकडा दुसऱ्याने मनाला लावून घेतला तर विनाकारण झोप जाते.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक चुकीचं जनुक तयार होतं. ते आखूड झालेलं गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सापडलं, म्हणून रिपोर्टमध्ये ‘फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं दिसतं. तुकड्यांची अदलाबदल १९७३ मध्ये जॅनेट रॉली या बाईंनी दाखवली. २००१ मध्ये नेमक्या त्या जनुकाच्या कामावर बोट ठेवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. १ एप्रिल २०१३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला. भारतीय कंपन्यांची गोळी आमच्यासारख्यांना परवडते त्यामागे तो निकाल आहे, आणि मी ती तारीख घरातल्या वाढदिवसांसारखी लक्षात ठेवली आहे. गोळीला चांगला प्रतिसाद देणारे सीएमएलचे रुग्ण आज जवळजवळ इतरांइतकं आयुष्य जगतात. भेटायला येणाऱ्यांना हे माहीत नसतं. तुम्हाला माहीत असायला हवं.

सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, बहुतेक करून उतारवयात होतो. त्यात पुष्कळांना सुरुवातीला औषधच देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले. तसं नसतं. लवकर औषध सुरू केल्याने फायदा होत नाही असं दिसून आल्यामुळेच थांबतात.

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजाराचं पूर्ण नाव, कळलं ती तारीख, औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम, आणि ‘डॉक्टर माझा मुख्य आकडा कोणता बघतात’ हे लिहा. शेवटची ओळ भरता येत नसेल, तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच.

आकडा यायच्या आधीच पुढचं पाऊल ठरवा

मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही. रिपोर्ट हातात आल्यावर ‘आता काय होणार’ हा प्रश्न छातीवर बसतो. तोच प्रश्न रिपोर्टच्या आधी, शांतपणे, डॉक्टरांसमोर बसून विचारला तर त्याला उत्तरं असतात, आणि ती लिहून ठेवता येतात.

सीएमएलमध्ये मुख्य आकडा बीसीआर-एबीएलचा, टक्क्यांत. रक्तातलं ते चुकीचं जनुक मोजणाऱ्या पीसीआर तपासणीतून तो येतो. जगभरचे डॉक्टर साधारण हे टप्पे धरतात: गोळी सुरू केल्यावर ३ महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, ६ महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, १२ महिन्यांनी ०.१ टक्का किंवा कमी. या ०.१ ला मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. टप्पा थोडा हुकला म्हणून लगेच औषध फसलं असं होत नाही. ३ महिन्यांना १० च्या वर आला तर पुढच्या एक ते तीन महिन्यांत परत तपासून खात्री करतात.

वर्ष उलटल्यावर मी डॉक्टरांकडून एक पान लिहून घेतलं. ते आजही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे:

०.१ किंवा खाली: गोळी तशीच, ठरलेल्या तारखेला भेट.

०.१ च्या वर पण १ च्या आत: फोन करायचा, महिन्याभरात परत तपासणी. मधल्या काळात किती गोळ्या चुकल्या आणि दुसरं कोणतं औषध घेतलं ते खरं सांगायचं.

१ च्या वर: त्याच दिवशी फोन. परत तपासणी, जनुकात नवा बदल झालाय का याची म्युटेशन तपासणी, आणि गोळी बदलायचा विचार. डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब अशा पुढच्या गोळ्या आहेत.

तीनच ओळी. पण त्या चिकटवल्या त्या दिवशी मला कळलं, की माझ्या डोक्यात आतापर्यंत दोनच आकडे होते: एक चांगला आणि एक मरणाचा. मधे इतकी जागा आहे हे कुणी दाखवलंच नव्हतं. तुमचं पान वेगळं असेल. ते तुमच्याच डॉक्टरांकडून, तुमच्या औषधाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे करून घ्या.

सीएलएलवाल्यांचं पान आणखी वेगळं. तिथे पांढऱ्या पेशींचा नुसता आकडा बघून औषध सुरू करत नाहीत. ५० हजार, ८० हजार, कधी लाखाच्या वर पेशी असूनही माणूस शेतात जातो, नातवंडांना शाळेत सोडतो. डॉक्टर बघतात ते हे: हिमोग्लोबिन १० च्या खाली उतरतंय का, प्लेटलेट १ लाखाच्या खाली जातायत का, गाठी किंवा प्लीहा (पानथरी) फार वाढली का, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं का, इन्फेक्शन नसताना दोन आठवडे ताप आहे का. लिम्फोसाइट, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दुप्पट व्हायला किती महिने लागले तेही बघतात. सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या तर लक्ष देतात, पण सुरुवातीचा आकडाच लहान असेल तर या हिशेबालाही फार वजन देत नाहीत.

रात्रीचा घाम हेही एक लक्षण आहे, आणि आपल्याकडे त्यावरून फार घाबरायला होतं. मे महिन्यात परभणीला पारा ४२ च्या पुढे, रात्री लाइट गेलेली, पत्र्याची खोली. घाम येणारच. डॉक्टर विचारतात तो घाम असा, की गारव्यातही अंगावरचे कपडे आणि चादर बदलावी लागते, आणि ते महिनाभर चालतं. उन्हाळ्यातला घाम वहीत लिहा, पण त्याच्यावर रात्र घालवू नका.

आणखी एक. इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब यांसारख्या गोळ्या सुरू केल्यावर सीएलएलमध्ये पहिले काही आठवडे-महिने रक्तातल्या लिम्फोसाइट वाढतात, कारण गाठींत दडलेल्या पेशी रक्तात उतरतात. गाठी लहान होत असतात आणि कागदावरचा आकडा मात्र वर चढतो. आधी सांगितलेलं नसेल तर हा रिपोर्ट बघून माणूस खचतो. गोळी सुरू करतानाच हे विचारून ठेवा.

आकडा थोडा हलणारच

सुपात ज्वारी निवडलेल्यांना हे लगेच कळेल. पोत्यात दहा हजार दाण्यांमागे एक खडा आहे असं समजा. एका सुपात एक खडा सापडेल, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एकही नाही. पोतं तेच. बीसीआर-एबीएल ०.०१ च्या आसपास असतं तेव्हा मशीनही असेच मोजके खडे शोधत असतं. म्हणून ०.००८ चं ०.०२ झालं तर दुपटीहून जास्त झालं असं कागदावर दिसतं, पण डॉक्टर पान उलटून पुढे जातात. त्यांना राग येण्यासारखं तुम्ही काही केलेलं नसतं आणि त्यांचं तुमच्याकडे दुर्लक्षही नसतं.

दुसरी गोष्ट लॅबची. माझ्याकडे मापाच्या दोन टेप आहेत. जुनी वापरून ताणली गेलीय, ती नवीपेक्षा अर्ध्या इंचाने फसवते. एकाच बाईचा ब्लाउज मी कधी दोन टेपांनी मापत नाही. रक्ताचंही तसंच. एकदा पैसे वाचतात म्हणून मी दुसऱ्या लॅबमध्ये पीसीआर केली. आधीचा ०.०३ होता, तिथे ०.०९ आला. सहा रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. धाकट्या दिराने मुंबईला जायची तिकिटंही काढली. डॉक्टरांनी जुन्या लॅबमध्येच परत करायला लावली, तर ०.०४. त्या लॅबने चूक केली असं मी म्हणत नाही, त्यांची टेप वेगळी होती. तेव्हापासून लॅब एकच, आणि रिपोर्टवर ‘इंटरनॅशनल स्केल’ किंवा ‘आयएस’ लिहिलंय का ते बघते. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एका मापात आणायची ती सोय आहे. तरी लॅब बदलू नये हेच बरं.

साध्या सीबीसीतही आकडे हलतात. सर्दी-तापाने पांढऱ्या पेशी चढतात, स्टिरॉइडने चढतात, उन्हात पाणी कमी प्यायलं तर रक्त दाट होऊन हिमोग्लोबिन जास्त दिसतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. मग दोन लाखांच्या जागी साठ हजार छापून येतात. प्लेटलेट अचानक कोसळलेल्या दिसल्या, अंगावर कुठे निळे-लाल डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, तर लॅबला विचारा: “काचेवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब पसरून, डोळ्यांनी बघितलाय का?” आणि डॉक्टरांना कळवा. तोवर घरात कुणी पपईच्या पानांचा रस वाटायला घेऊ नये.

इमॅटिनिबच्या पहिल्या काही महिन्यांत पेशी आणि प्लेटलेट खऱ्याच उतरू शकतात. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) १,००० च्या किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात आणि पेशी भरून आल्या की परत सुरू करतात. थांबवायची डॉक्टरांनी. आपण आपल्या मनाने नाही.

तारीख तुम्ही ठरवा

पीसीआरचं रक्त सेलूत किंवा परभणीत काढलं तरी ते मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जातं, रिपोर्टला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांच्या भेटीची तारीख आधी घ्या आणि तिथून मागे दहा-बारा दिवस मोजून रक्त द्या. रिपोर्ट आणि भेट यांत एक-दोन दिवसांचंच अंतर राहिलं पाहिजे. रिपोर्ट हातात आणि डॉक्टर तीन आठवड्यांनी, अशी पाळी सगळ्यांत वाईट.

रक्त सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी द्यावं. शनिवारी दिलेलं रक्त मधे रविवारी कुठे पडून राहिलं तर परत बोलावतात. ताप-खोकला असेल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर पुढे ढकला. वेचणी, राशी, येळवस, घरातलं लग्न, यांच्या तोंडावर तारीख येत असेल तर चार-सहा दिवस इकडे-तिकडे केल्याने चांगल्या टप्प्यावरच्या माणसाचं बिघडत नाही, पण तेही विचारूनच. दाखला असेल तर कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत आणि रेल्वेत सवलत आहे. रात्रीच्या देवगिरीने मुंबई गाठणाऱ्यांनी किंवा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्यांनी तो कागद वहीतच ठेवावा. पैशाची काळजी रिपोर्टच्या काळजीत मिसळली की दोन्ही दुप्पट होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला एकदाच नीट विचारून लिहून घ्या.

वाट बघायचे दिवस

रिपोर्टच्या आठवड्यात मी कापड कापत नाही. कात्री चालली की चूक परत जोडता येत नाही. त्या दिवसांत हूक लावायचे, काजं करायची, हेम घालायचं. हाताला बारीक, ठरलेलं, संपणारं काम मिळालं की डोकं थोडं खाली येतं. एका ब्लाउजला पाच-सहा हूक. सुई वर, दोऱ्याचा फास, ओढ, परत. तुमचं काम दुसरं असेल: शेंगा फोडणं, हरभऱ्याचा पाला खुडणं, पोथीची पानं, शाळेचे पेपर तपासणं. एक यादी आधीच करून ठेवा, त्या दिवशी शोधू नका. मोठे निर्णय, म्हणजे सोयरीक, जमीन, उसनवारी, या आठवड्यात नकोत.

काळजीला एक वेळ द्या. माझी संध्याकाळी सात ते साडेसात. दिवाबत्ती झाली की वहीच्या मागच्या पानावर मनात येईल ते सगळं लिहिते. पोरीचं लग्न, यांचं एकट्याचं जेवण, सगळं. दिवसा काळजी वर आली तर तिला मनातल्या मनात ‘सातला’ म्हणते. पहिल्या वेळी काहीच फरक पडत नाही. तिसऱ्या-चौथ्या रिपोर्टपासून पडतो, कारण मन शिकतं की तिचं ऐकून घेणारं कुणीतरी आहे.

रात्री छाती धडधडायला लागली तर उठून बसा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, दहा वेळा. बाहेर जाणारा श्वास लांब पाहिजे, तोच शांत करतो. पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात लोळू नका. ओट्यावर बसा, तांब्याभर पाणी प्या, झोप आली की परत या. दुपारी चारनंतर चहा बंद करा. आपल्याकडे दर पाहुण्यामागे चहा होतो, त्या आठवड्यात तो नम्रपणे नाकारा.

मोबाइलवर आजार शोधणं या दिवसांत पूर्ण बंद. रात्री दोन वाजता सापडलेली माहिती कुणाची, कुठल्या सालची, आपल्या प्रकारची आहे का, काही कळत नाही. कित्येक पानांवर तर इमॅटिनिबच्या आधीच्या काळातले आकडे अजून तसेच आहेत.

रिपोर्ट उघडताना

लॅबवाले पीडीएफ पाठवतात, कधी रात्री साडेदहालाही. मी लॅबमध्ये माझा नंबर देत नाही, यांचा देते. घरात नियम असा: रिपोर्ट रात्री उघडायचा नाही, प्रवासात उघडायचा नाही, शनिवारी संध्याकाळी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, डॉक्टरांचा दवाखाना सुरू झालेला असताना, मशीनच्या टेबलावर, दोघांनी मिळून. हा नियम पहिल्यांदा पाळणं फार जड गेलं. यांनी फोन देव्हाऱ्यात ठेवला होता आणि मी रात्रभर तिकडे बघत होते. आता जड जात नाही.

वाचायचा क्रम ठरवून घ्या. आधी नाव, वय, तारीख. दुसऱ्याचा रिपोर्ट आलेला मी स्वतः बघितलाय. मग तपासणी कोणती आणि आयएस लिहिलंय का. मग मुख्य आकडा. तो लगेच वहीत लिहा आणि मागच्या चार आकड्यांशेजारी बघा. मग कपाटावरच्या पानाशी ताडून बघा. इथेच थांबायचं. सीबीसीतले ठळक छापलेले ‘एच’ (जास्त) आणि ‘एल’ (कमी) बाजूला ठेवा. ते निरोगी माणसाच्या मापाने लावलेले असतात, आपलं माप डॉक्टरांनी वेगळं दिलेलं असतं.

माझ्या पोरीने दहावीत असताना आलेखाच्या कागदावर सगळे जुने आकडे मांडून दिले. आडवे महिने, उभे आकडे, ०.१ वर लाल रेघ. त्या कागदावर सहा रात्री जागवलेला तो ०.०९ चा ठिपका एवढासा आहे, रेघेच्या खालीच. घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर हे काम त्याला सांगा. त्यालाही आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि त्याची भीती आपल्या लक्षात येते.

भेटीत विचारायचा मुख्य प्रश्न हा: “डॉक्टर, या आकड्यामुळे आज आपण काही वेगळं करणार आहोत का?” उत्तर नाही असेल तर तो आकडा घरी न्यायचा नाही. हो असेल तर काय, कधी, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे तिथेच वहीत लिहून घ्या. मी लिहिलेलं वाचूनही दाखवते. डॉक्टर घाईत असले तरी दोन ओळी ऐकतात.

आकडा खरंच वर गेला तर

२०१९ मध्ये माझी माय गेली. दहावं-तेरावं, पाहुणे, गावाकडचं घर, यांत मी एकोणीस दिवस गोळी घेतली नाही. पुढच्या रिपोर्टला ०.०४ चा ०.३ झाला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित आहेत ना? मी हो म्हणाले. शरमेने. त्यांनी औषध काम करत नसेल असं धरून म्युटेशनची महागडी तपासणी लिहिली, गोळी बदलायचं बोलू लागले. बाहेर बाकावर यांनी मला विचारलं, “तू खरं सांगितलंस का?” मी परत आत गेले आणि सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “बरं झालं ताई, कारण सापडलं.” गोळी नेमाने सुरू केली, दोन तपासण्यांत आकडा ०.१ च्या खाली आला.

म्हणून आकडा चढला की आधी स्वतःशी खरं बोला. किती गोळ्या चुकल्या? महिन्यात तीन-चार चुकल्या तरी फरक पडू शकतो. दुसरं काही घेतलं का: टीबीचं औषध, फिटची गोळी, कुणी दिलेला झाडपाला, काढा? काही औषधांनी या गोळीचा रक्तातला जोर कमी होतो, काहींनी वाढतो. इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याने, निलोटिनिबची नेहमीची कॅप्सूल मात्र उपाशीपोटी. असे साधे फरकही तपासून बघा. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, मोजून दाखवा. कारण सापडलं नाही तर परत तपासणी होईल, आणि त्यानंतर काय ते कपाटावरच्या पानावर आहेच.

या वेळी थांबू नका

१०० फॅरनहाइटच्या वर ताप, विशेषतः थंडी वाजून किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना. कुठूनही न थांबणारं रक्त. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ. धाप, छातीत दुखणं, दिसायला अंधूक होणं. यात रिपोर्टची, तारखेची वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखाना. काळजीने होणारी धडधड श्वास लांब केल्यावर ओसरते. हे ओसरत नाही.

मनाचं औषधही औषधच

दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, रक्त द्यायलाच जाऊ नये असं वाटतं, किंवा जगणं नकोसं वाटतं, तर घरगुती उपायांवर राहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा डॉक्टर असतो. मी स्वतः २०१७ मध्ये चार महिने गोळी घेतली आहे आणि ते सांगताना मला काही वाटत नाही. तिथे एक गोष्ट न चुकता सांगायची: ल्युकेमियाची कोणती गोळी चालू आहे. मनाच्या काही गोळ्या तिच्यासोबत चालत नाहीत, डॉक्टर दुसरी देतात.

घरच्यांनी काय करावं

‘काही होत नाही गं’ म्हणू नका. होतं की नाही हे तुम्हालाही माहीत नसतं, आणि माणूस आणखी एकटं पडतं. “रिपोर्ट आला का?” हे दिवसातून चार वेळा विचारू नका. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तुळशीला पाणी घालून आल्या की रोज विचारायच्या. त्यांचा जीवही वर-खाली होत असायचा. शेवटी आम्ही ठरवलं: रिपोर्ट आला आणि बघितला की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला शिवणखडूने टिक करीन. टिक नाही म्हणजे अजून नाही. आता त्या कॅलेंडर बघतात, मला विचारत नाहीत. टिक दिसली की बाहेर येऊन नुसत्या शेजारी बसतात, आणि मी सांगते.

नवऱ्यांनी रक्त द्यायला सोबत जावं. बाकी काही करता आलं नाही तरी ट्यूबवर लिहिलेलं नाव बरोबर आहे का ते वाचावं. आमचे हे दर वेळी वाचतात, मोठ्याने.

माझ्या पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर लावलीय, गुरुवार. त्या आठवड्यासाठी चार ब्लाउज कापून, शिवून तयार ठेवलेत. काजं आणि हूक तेवढे राखून ठेवलेत.